घरचा स्विमिंग पूल आणि वाळवंटातलं जड पाणी



फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, पिओरिया या भागात घर घेतलं की बऱ्याचदा मागच्या अंगणात पूल आयताच मिळतो. पहिलं वर्ष मजेत जातं. मुलं दिवसभर डुंबतात, शनिवारी मित्रमंडळी जमतात, काठावर भेळ होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र टाइल्सवर पांढरी रेघ दिसायला लागते, प्लास्टर तळपायाला खरखरीत लागतं आणि पाणी ढगाळ होतं. मग दुकानातून एकेक बाटली येत राहते आणि गराजमधलं एक कपाट भरून जातं.

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा विषय हमखास निघतो. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र करून, थोडी आकडेमोड जोडून, इथे मांडत आहोत. यातले आकडे प्लास्टरच्या, जमिनीत बांधलेल्या पूलसाठी आहेत. फायबरग्लास किंवा व्हिनायलचा पूल असेल तर काही गोष्टी बदलतात. तिथे तसं सांगितलं आहे.

आपलं पाणी जड का?

पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम म्हणजेच पाण्याचा जडपणा. गावाकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, हे आपल्याला माहीत आहेच. इथलं पाणीही त्याच जातीचं. आपल्या भागाला पाणी मिळतं ते मुख्यतः सॉल्ट आणि व्हर्डी या नद्यांचं, आणि ३३६ मैलांच्या सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट कालव्यातून येणारं कोलोरॅडो नदीचं. या नद्या शेकडो मैल खडकांतून वाहत येतात आणि वाटेत क्षार उचलतात. त्यामुळे नळाच्या पाण्याचा एकूण जडपणा साधारण २०० ते ३०० पीपीएम असतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. वॉटर सॉफ्टनरवाले हाच जडपणा 'ग्रेन'मध्ये सांगतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे १७ पीपीएम.

पूलसाठी यातला फक्त कॅल्शियमचा भाग महत्त्वाचा. टेस्ट किटवर 'कॅल्शियम हार्डनेस' लिहिलेलं असतं तो हाच. बऱ्याच कागदी पट्ट्या एकूण जडपणा दाखवतात, त्यामुळे दोन्ही आकड्यांत गल्लत करू नये.

पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात

सगळा घोळ इथे आहे. आपल्या उन्हात उघड्या पूलमधून वर्षाला पाच-सहा फूट पाणी वाफ होऊन जातं. उन्हाळ्यात दिवसाला पाव ते अर्धा इंच पातळी उतरली तर ती गळती नसून बहुधा बाष्पीभवन असतं. शंका असेल तर एक बादली पूलच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. चोवीस तासांत दोन्ही सारख्याच उतरल्या तर गळती नाही. पूल जास्त उतरला तर मात्र माणूस बोलवा.

आता हिशेब करू. ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल पूल घ्या. त्यात सुमारे १५,००० गॅलन पाणी मावतं. वर्षाला सहा फूट पाणी उडालं तर ते झालं सुमारे २०,००० गॅलन. म्हणजे पूलमध्ये जेवढं पाणी मावतं त्याहून जास्त पाणी आपण दरवर्षी वरून घालतो! घातलेल्या पाण्यात १५० पीपीएम कॅल्शियम असेल, तर पूलमधलं कॅल्शियम दरवर्षी २०० पीपीएमने वाढतं. सुरुवातीला १५०, एका वर्षाने ३५०, दोन वर्षांनी ५५०, तीन वर्षांनी ७५०. पाऊस, उडालेले शिंतोडे आणि फिल्टरच्या बॅकवॉशमुळे हा आकडा थोडा कमी होतो, पण आपल्याकडे पाऊस वर्षाला सात इंचांच्या आसपास. त्याने असा किती फरक पडणार?

बासुंदी आटवताना दूध कमी होतं, पण साखर तेवढीच राहते आणि गोडी वाढत जाते. पूलचं अगदी तसंच आहे. फक्त इथे आपण रोज वरून आणखी थोडं 'गोड दूध' घालत असतो.

म्हणून पूलमधल्या गोष्टींचे दोन गट करावेत. क्लोरीन, पीएच आणि अल्कलिनिटी या गोष्टी घालून-काढून बदलता येतात. कॅल्शियम, स्टॅबिलायझर आणि मीठ मात्र एकदा आत गेले की पाणी बदलल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाहीत. कुठलंही औषध विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: हे आपलं काम करून निघून जाणार, की पूलमध्ये मुक्काम ठोकणार?

लक्षात ठेवायचे पाच आकडे

१. मोकळं क्लोरीन: सीडीसी या अमेरिकन आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किमान १ पीपीएम, आणि स्टॅबिलायझर वापरत असाल तर किमान २. आपल्या उन्हात ३ ते ५ ठेवणं सोयीचं.

२. पीएच: ७.२ ते ७.८. जड पाण्यात ७.४ ते ७.६ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा.

३. टोटल अल्कलिनिटी: नेहमीचा सल्ला ८० ते १२०. जड पाण्यात खालची बाजू बरी, म्हणजे ७० ते ९०. अल्कलिनिटी पीएचला स्थिर ठेवते हे खरं, पण ती जास्त झाली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाताना पीएच सारखा वर चढत राहतो. धबधबा किंवा कारंजं चालू असेल तर आणखी जोरात.

४. कॅल्शियम हार्डनेस: प्लास्टरसाठी २०० ते ४००. फार कमी असेल तर पाणी प्लास्टरमधलंच कॅल्शियम खायला लागतं. आपल्याकडे हा प्रश्न सहसा येत नाही.

५. स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड: ३० ते ५०. मिठाच्या पूलला ६० ते ८०. हे क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण जास्त झालं की क्लोरीन सुस्त होतं. मग आकडा चांगला दिसतो आणि पाणी तरी हिरवं होतं.

तोल कसा मोजायचा?

कॅल्शियम ७०० झालं म्हणजे थर बसणारच असं नाही, आणि ३०० आहे म्हणजे बसणार नाही असंही नाही. थर बसणं हे पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि तापमान या सगळ्यांवर मिळून ठरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली यासाठी एक निर्देशांक मांडला. पाणी नेणाऱ्या पाइपांसाठी तयार झालेला हा हिशेब आज पूलसाठीही वापरतात. त्याचं सोपं रूप असं:

निर्देशांक = पीएच + तापमानाचा गुण + कॅल्शियमचा गुण + अल्कलिनिटीचा गुण − १२.१

पाणी जुनं होऊन विरघळलेले एकूण क्षार १००० पीपीएमच्या वर गेले की १२.१ ऐवजी १२.२ वजा करायचे.

तापमानाचा गुण: ५३ अंश फॅरनहाइटला ०.३, ६६ ला ०.५, ८४ ला ०.७, ९४ ला ०.८.
कॅल्शियमचा गुण: १५० ला १.८, २०० ला १.९, ३०० ला २.१, ४०० ला २.२, ८०० ला २.५.
अल्कलिनिटीचा गुण: ५० ला १.७, ६० ला १.८, ८० ला १.९, १०० ला २.०, १५० ला २.२.

एक बारकावा आहे. अल्कलिनिटीचा गुण बघण्याआधी तिच्यातून स्टॅबिलायझरचा एक तृतीयांश वजा करायचा. उत्तर शून्याच्या जवळ, म्हणजे −०.३ ते +०.३ मध्ये आलं तर पाणी तोलात आहे. वर गेलं तर थर बसेल, खाली गेलं तर प्लास्टर झिजेल.

आता तीन वर्षांचा जुना पूल घ्या. कॅल्शियम ८००, पाणी ८४ अंश, पीएच ७.८, अल्कलिनिटी १२०, स्टॅबिलायझर ६०. वजाबाकी करून अल्कलिनिटी उरली १००. हिशेब: ७.८ + ०.७ + २.५ + २.० − १२.२ = ०.८. थर नक्की बसणार!

त्याच पूलमध्ये अल्कलिनिटी ८० वर आणली, म्हणजे वजाबाकीनंतर ६०, आणि पीएच ७.४ केला, तर ७.४ + ०.७ + २.५ + १.८ − १२.२ = ०.२. कॅल्शियम तेवढंच आहे, पण पाणी तोलात आलं. महागड्या बाटलीऐवजी आधी साधं ॲसिड का वापरायचं, ते या दोन ओळींत आहे. 'कॅल्शियम रिमूव्हर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच द्रव्यांचं काम कॅल्शियमला काही काळ धरून ठेवायचं असतं. ते पूलमधून बाहेर जात नाही.

क्लोरीन कुठलं घ्यावं?

क्लोरीनच्या प्रत्येक प्रकाराबरोबर काहीतरी पाहुणा येतो.

गोळ्या, म्हणजे ट्रायक्लोर: १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन लागतं असं धरलं तर १०० दिवसांत १२० पीपीएम स्टॅबिलायझर जमा! वापरायला सोप्या आहेत, पण वर्षभर फक्त गोळ्यांवर पूल चालवला की तक्रारी सुरू होतात.

पावडर, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट: ग्रामपंचायतवाले विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तिचीच ही बहीण. १० पीपीएम क्लोरीनमागे ७ पीपीएम कॅल्शियम येतं. आधीच जड असलेल्या पाण्यात ही कशाला?

द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट: यातून मागे फक्त थोडं मीठ राहतं. आमच्या मते आपल्या भागासाठी हेच सगळ्यात बरं. १५,००० गॅलनमध्ये १० टक्क्यांचं एक गॅलन घातलं की क्लोरीन साधारण साडेसहा पीपीएमने वाढतं. मात्र उष्णतेत याची ताकद लवकर उतरते, म्हणून साठा करू नये.

मिठाचा पूल: हाही क्लोरीनचाच पूल आहे. यंत्र मिठापासून क्लोरीन बनवतं इतकंच. यात पीएच सतत वर चढतो आणि थर आधी यंत्राच्या पट्ट्यांवर बसतो. त्यामुळे जड पाण्यात या पूलकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं.

वेळापत्रक

आठवड्यातून दोनदा: क्लोरीन आणि पीएच. नमुना कोपरभर खोलीवरून घ्यावा, वरवरचा नको.

आठवड्यातून एकदा: अल्कलिनिटी, आणि टाइल्सच्या कडेला ब्रश.

महिन्यातून एकदा: कॅल्शियम आणि स्टॅबिलायझर. थेंबांचं किट घ्या. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी रंगाचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. हे काम मुलं आवडीने करतात, पण मोठ्यांनी शेजारी उभं राहावं.

सगळे आकडे एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तारखेसह लिहा. आज कॅल्शियम ४५० आहे यापेक्षा सहा महिन्यांत ते ३५० वरून ४५० वर गेलं ही माहिती जास्त कामाची. पाणी कधी बदलावं लागेल, ते त्यावरून आधीच कळतं.

पीएच उतरवायला म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजे आपलं हायड्रोक्लोरिक. किती घालायचं ते किटमधल्या तक्त्यावरून ठरवा. अंदाजासाठी: १०,००० गॅलनमध्ये अल्कलिनिटी १० ने उतरवायला नेहमीच्या ३१ टक्क्यांच्या ॲसिडचे सुमारे २६ औंस लागतात. १२० ची ८० एका दिवसात करायला जाऊ नका. पीएच चढला की ॲसिड, पुन्हा चढला की पुन्हा ॲसिड, असं करत काही आठवड्यांत अल्कलिनिटी आपोआप उतरते. उलट ती फार कमी झाली तर खाण्याचा सोडा आहेच. १०,००० गॅलनला साधारण दीड पौंड घातला की ती १० ने वाढते.

पूलवर आच्छादन घातलं तर वरून घालायचं पाणी ३० ते ५० टक्के कमी होतं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. पाण्याबरोबर येणारं कॅल्शियमही तेवढंच कमी.

थर बसलाच तर

एका कोपऱ्यात थरावर ॲसिडचा थेंब टाकून बघा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. फसफसलं तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊ. ब्रश, प्युमिस स्टोन आणि उतरवलेला पीएच यांनी तो हळूहळू जातो. फसफसलं नाही तर बहुधा कॅल्शियम सिलिकेट. तो चिवट असतो, त्याला व्यावसायिक माणूस बोलवावा. फायबरग्लास आणि व्हिनायलवर प्युमिस घासू नये, ओरखडे पडतात.

पाणी बदलायची वेळ

पीएच आणि अल्कलिनिटी उतरवूनही निर्देशांक ०.३ च्या खाली येईना, किंवा स्टॅबिलायझर १०० च्या वर गेलं, तर पाणी बदलावं. कॅल्शियम ८०० असताना अर्धं पाणी काढून १५० चं नवीन भरलं तर ते ४७५ होतं.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. उन्हाळ्यात रिकामं प्लास्टर उन्हात तापून तडकतं. फायबरग्लास आणि व्हिनायलचा पूल स्वतःहून रिकामा करू नका, आकार बिघडतो. पाणी रस्त्यावर, गल्लीत किंवा शेजाऱ्याच्या अंगणात सोडायला फिनिक्स शहराची मनाई आहे. ते घराच्या सांडपाण्याच्या क्लीनआउटमध्ये हळूहळू सोडायचं असतं. इतर शहरांचे नियम त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि हो, हे खारट पाणी कढीपत्त्याला किंवा मोगऱ्याला घालू नका. ती झाडं आधीच या उन्हात कशीबशी तग धरून असतात.

दुसरा मार्ग म्हणजे ट्रकवर बसवलेलं रिव्हर्स ऑस्मोसिसचं यंत्र. ते घरी येऊन पूलचं पाणी गाळतं आणि बहुतांश पाणी परत पूलमध्येच सोडतं. खर्च जास्त, पण पाण्याची बचत होते.

सणवार आणि पूल

गणपतीचं विसर्जन पूलमध्ये करू नये. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. म्हणजे आपण कॅल्शियम उतरवायला धडपडायचं आणि बाप्पांबरोबर पुन्हा घालायचं! शाडूची मूर्ती फिल्टरमध्ये गाळ करते. त्यापेक्षा बादलीत विसर्जन करून शाडूची माती बागेत घालावी. दिवाळीच्या अभ्यंगानंतरही साबणाने आंघोळ करूनच पाण्यात उतरावं. तेल टाइल्सच्या कडेला चिकटतं आणि त्यावर थर आणखी पक्का बसतो.

धुळीच्या वादळानंतर गढूळ पाण्यात घरची तुरटी टाकायचा मोह होतो. दुकानातलं फ्लॉकही बऱ्याचदा तुरटीचंच भावंड असतं. पण त्याने खाली बसलेला गाळ फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर ओढावा लागतो. पाणी कॅल्शियममुळे ढगाळ असेल तर आधी पीएच उतरवा, तुरटीची गरजच पडणार नाही.

सुरक्षितता: हे मात्र पाठच करा

• ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू निघतो. दोन्ही घालताना मध्ये काही तास जाऊ द्या, पंप चालू ठेवा.

• गोळ्या आणि पावडर एका भांड्यात, एका फ्लोटरमध्ये किंवा एकाच डावाने घेऊ नका. दोन्ही क्लोरीनच असले तरी एकत्र आले की आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो.

• नेहमी पाण्यात ॲसिड घालावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

• सगळं कुलपात, सावलीत आणि वेगवेगळं ठेवा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बाटल्या दाखवून ठेवा. लेबल इंग्रजीत असतं आणि ॲसिडचा कॅन दिसायला साध्या फिनाइलच्या कॅनसारखाच.

• तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. ढगाळ पाण्यात बुडालेलं मूल काठावरच्या दहा जणांनाही दिसत नाही. पाण्याचा तोल सांभाळायचं आमच्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे. टाइल्स आणि प्लास्टर त्याच्यानंतर.

• ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात पूलभोवती किमान पाच फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं फाटक लागतं. मुलं मोठी झाली असली तरी पाहुण्यांची लहान असतात. फाटकाला विट लावून ते उघडं ठेवू नका, आणि पार्टीत दर पंधरा-वीस मिनिटांनी एका मोठ्या माणसाची फक्त पाण्यावर नजर ठेवायची पाळी लावा. हातात फोन नको आणि गप्पाही नकोत.

थोडक्यात काय, तर पीएच आठवड्याला सांभाळा, कॅल्शियमवर महिन्याला नजर ठेवा आणि दोन-चार वर्षांनी थंडीत पाणी बदलायची तयारी ठेवा. एवढं केलं की गराजमधल्या अर्ध्या बाटल्यांना निरोप देता येईल. त्या कचऱ्यात किंवा गटारात न टाकता शहराच्या घातक कचरा संकलनाला द्या.

तुमच्या भागातल्या नळाच्या पाण्याचं कॅल्शियम मोजलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. गावागणिक आकडे जमले तर सगळ्यांसाठी एक तक्ता करता येईल.